मागून खडखड, हेलकावे आणि वर्षात 'गेलेले' शॉकअप: जुन्या फोर बाय फोरचं समस्या निवारण

लक्षणं

स्पीडब्रेकर उतरला की मागची बाजू एकदा बसून स्थिर होत नाही, आणखी दोन-तीन हेलकावे घेते. खडी उखडलेल्या वळणावर, म्हणजे पानशेतच्या पुढे किंवा मढे घाटाकडे जाताना, मागची चाकं रस्ता सोडतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला फेकते. मागे बसलेल्याचं डोकं दर खड्ड्याला छताला लागतं. सोसायटीच्या गेटवरच्या पट्टीवरून अगदी हळू जातानाही एका बाजूने 'टक्' असा कोरडा, लोखंडी आवाज येतो. मागच्या टायरवर तळवा फिरवला तर रबर सलग झिजलेलं नसतं, उंचसखल लागतं. शॉकअपच्या नळीवर तेलात कालवलेल्या धुळीचा जाड थर असतो.

यातलं एखादं दिसलं की लोक सरळ पुण्यातल्या नाना पेठेचा स्पेअर पार्टचा बाजार गाठतात, शॉकअपची नवी जोडी आणतात, बसवतात. आठ-दहा महिन्यांनी पुन्हा तेच. जिप्सी, एमएम ५४०, २०२० पर्यंतची जुनी थार, फोर बाय फोर बोलेरो या सगळ्या मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, असलेल्या गाड्या. त्या माझ्याकडे येतात तेव्हा तक्रारीचा मजकूर ठरलेला असतो: "काका, शॉकअप परवाच तर बदलले होते." बहुतेक वेळा दोष शॉकअपचा नसतो. तो बसवला कसा यात असतो, नाहीतर शेजारच्या भागात असतो. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने जा. नवीन जोडीचा खर्च शेवटी येतो, आणि अनेकदा येतच नाही.

आधी फुकटचं

गाडीचं मागचं सगळं बाहेर काढा. जॅक, पाने, टो चेन, पाण्याचा कॅन, गेल्या ट्रेकपासून पडलेली गॅसची शेगडी, सगळं. दारावरचं स्टेपनीचं चाक हाताने हलवून बघा. या गाड्यांची मागची दारं त्या चाकाच्या वजनाने बिजागरीत उतरतात आणि खड्ड्यात तंतोतंत गेलेल्या बुशसारखा (शॉकअपच्या टोकाच्या कडीतलं रबर) आवाज करतात. रिकामी गाडी त्याच रस्त्यावरून, त्याच वेगात फिरवा. आवाज गेला तर काम संपलं, घरी जाऊन चहा घ्या.

मग हवा. सकाळी गाडी थंड असताना मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी पडताळा. पंपावर न विचारता ३५ मारून देतात. रिकाम्या, हलक्या जिप्सीला एवढ्या हवेत प्रत्येक खडा बाकापर्यंत पोचतो आणि खापर शॉकअपवर फुटतं. उलट हवा कमी असेल तर गाडी मागून डोलते. याला एक पैसा लागत नाही, तरी सगळ्यात जास्त वगळली जाणारी तपासणी हीच.

तिसरी गोष्ट फक्त फोर बाय फोरवाल्यांसाठी. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावून कोरड्या डांबरावर वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक निघायला वाट मिळत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. तो सुटतो तेव्हा खालून धाडकन आवाज येतो. घाटातल्या चिखलातून बाहेर आल्यावर लिव्हर टू व्हीलला आणायचा राहिला की 'मागून काहीतरी तुटलं' असे फोन येतात. आधी लिव्हर बघा.

दाबून बघण्याची परीक्षा इथे चालत नाही

बंपर दाबा, सोडा, गाडी किती वेळा हलते ते मोजा, ही परीक्षा कॉइल स्प्रिंगच्या गाडीसाठी ठीक आहे. पाट्याच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच हेलकावा मारतं. शॉकअप पूर्ण मेला असला तरी जिप्सी दाबल्यावर शहाण्यासारखी स्थिर उभी राहते. पाटे गंजून जाम झाले असतील तर आणखीच. त्यामुळे मेकॅनिकने बंपरवर दोनदा हात मारून "शॉकअप ओके आहेत" म्हटलं तरी ते सोडून द्या.

त्याऐवजी हात लावा. शॉकअप म्हणजे तेलातून सरकणारा दट्ट्या. चाकाच्या उसळीची ताकद तो बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत बदलतो. म्हणजे चालू शॉकअप तापलाच पाहिजे. वीसेक मिनिटं खराब रस्त्यावर चालवा, सपाट जागी थांबा, लगेच खाली हात घालून दोन्ही नळ्यांना बोटाने आधी हलकेच स्पर्श करा. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. एक कोमट आणि दुसरा थंडगार असेल तर थंड असलेला काम करत नाही. दोन्ही थंड असतील तर दोन्ही गेलेत, किंवा तुम्ही ज्याला खराब रस्ता म्हणता तो पुण्यातला चांगला रस्ता होता.

तेलासाठी एक फडकं पुरतं. नळी पुसून कोरडी करा, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी वापरा, परत बघा. वरच्या सीलजवळ पुसटसा ओलावा आणि त्यावर धूळ, एवढ्याने शॉकअप निकामी ठरत नाही. दांड्यावर सीलमधून थोडं तेल येतंच, त्यावरच सील सरकतं. पण नळीवरून ओघळ उतरला असेल, कडीपर्यंत ओलं असेल, तर आतलं तेल कमी झालंय आणि तो बदलायचाच.

तेल कुठून आलंय हेही नक्की करा. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीवर ओलं दिसलं तर ते शॉकअपचं नाही. दाट आणि उग्र वासाचं असेल तर ॲक्सलचं सील गेलंय. पातळ असेल तर ब्रेकचा व्हील सिलिंडर गळतोय. दोन्हीत ब्रेक लायनर तेलात भिजतो. इथे थांबा. गाडी घाटात नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

गाडीखाली: बुश

खरी गोम इथे आहे, म्हणून वेळ इथेच घालवा. चांगली बॅटरी, छोटी पहार आणि अंगाखाली पोतं घेऊन आत शिरा. इंजिन बंद, गिअर टाकलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांची उटी. गाडी जॅकवर घेऊ नका, चाकांवरच उभी राहू द्या.

शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या कडीत रबरी बुश असतो, बऱ्याच शॉकअपमध्ये त्याच्या आत लोखंडी नळी. पहारीचं टोक कडी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये घालून हलकं उचला. रबर दबलं पाहिजे, पण 'खट्' असं काही हलता कामा नये. मग जवळून बघा. बुश फाटला असेल तर कडीच्या कडेला, वायसरच्या आतल्या बाजूला, अर्धचंद्रासारखी चकचकीत घासलेली जागा दिसते. बाकी सगळं गंजलेलं आणि तेवढीच जागा चांदीसारखी. रबराच्या तडा बहुतेक एकाच बाजूला तिरप्या गेलेल्या असतात. त्या पिळाच्या खुणा आहेत आणि बुश का फाटला ते त्याच सांगतात.

नट आवळला की आतली नळी पिनवर जाम होते. त्यानंतर ती फिरत नाही. पाटा वर-खाली झाला की कडी थोडी फिरते आणि तो पीळ रबर सोसतं. थोडा इकडे, थोडा तिकडे, असं रबर वर्षानुवर्षं टिकतं. पण गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आणि त्याच अवस्थेत पोराने एअर गनने नट आवळून टाकला, तर रबराची सरळ बैठक ही लोंबकळत्या अवस्थेतली ठरते. गाडी खाली उतरली की नुसत्या उभ्या गाडीतही ते पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्याच दिशेला आणखी पिळतो. सहा-आठ महिन्यांत रबर फाटतं, लोखंड लोखंडावर आपटतं, टक् आवाज सुरू होतो आणि बिल शॉकअपच्या नावाने फाटतं. शॉकअप काढून बघितला तर आतून ठणठणीत असतो.

यावरचा उपाय नवा शॉकअप नाही, बुशचा संच आहे. तो जोडीच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो. बसवताना नट हाताने बेताचा घट्ट करा, गाडी चाकांवर उभी करा, मागचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडा, आणि त्यानंतरच शेवटचं आवळा. पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलच्या बुशनाही हाच नियम.

आत नळी नसलेल्या, नुसत्या रबराच्या बुशमध्ये उलटी चूक होते: लोक अति आवळतात. रबर वायसरच्या कडेइतकं फुगलं की थांबायचं. वायसरच्या बाहेर ओठ काढून आलं तर ते चिरडलंय.

पाटे, यू बोल्ट, चासी

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही, ते काम पाट्यांचं. त्यामुळे 'मागून बसलीय' या तक्रारीवर शॉकअप हे उत्तरच नव्हे. सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी करा आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेचा फरक त्यात येतो. दोन्ही बाजूंत बोटभर फरक निघाला तर पाटेवाल्याकडे जायचं.

ॲक्सल पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या नटांखाली गंजाची तांबूस पूड किंवा घासून उजळलेली रेघ दिसली तर तो सैल आहे. सैल यू बोल्टमुळे पाटे बांधणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. मित्राला मागून यायला सांगा. सरळ रस्त्यावर गाडी तिरपी चाललेली त्याला लगेच कळते.

तुटलेला पाटा, सरकलेला ॲक्सल, शॉकअपच्या ब्रॅकेटपाशी चासीला तडा: यातलं काहीही दिसलं तर हे घरचं काम नाही. तडा धूळ धुतल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ब्रॅकेटचं मूळ तारेच्या ब्रशने साफ करूनच बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते. चासी त्याच्या आदल्या आठवड्यात बघण्यापेक्षा आत्ता बघितलेली बरी.

खालून बाहेर यायच्या आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, हाताने पिळून बघा. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना येणारा 'टण्' हा क्रॉसचा, खड्ड्यात येणारा शॉकअपचा किंवा बुशचा.

बदलायचेच असतील तर

एक गेला तरी जोडी बदलायची. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला असेल तर वळणात गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही.

जुन्यात तेल भरून देणारे अजून आहेत. मी तो सल्ला देत नाही. मुळशी-ताम्हिणीच्या चिखलातून फिरलेल्या गाडीच्या दांड्याला बारीक खड्डे पडलेले असतात. नख फिरवलं की लागतात. तो दांडा नवं सील महिन्याभरात कापतो.

दुकानात जाताना जुना शॉकअप सोबत न्या. मॉडेलचं नाव सांगून मिळालेल्या भागावर भरवसा ठेवू नका. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा ॲक्सल, ब्रॅकेट, शॅकल मधल्या काळात कुणी बदललं असेल सांगता येत नाही. कडीची रुंदी, पिनची जाडी आणि दोन लांब्या जुळवा: पूर्ण ओढलेली आणि पूर्ण दबलेली. दबलेली लांबी ठरवायला साधं गणित आहे. गाडी उभी असताना वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत मोजा, त्यातून ॲक्सल आणि बंप रबर (ॲक्सल वर आला की ज्यावर टेकतो तो चासीखालचा रबरी ठोकळा) यांच्यातलं अंतर वजा करा. समजा पिनपासून पिनपर्यंत ४२० मिलिमीटर आहे आणि बंप रबराला ८०. उरले ३४०. बंप रबर स्वतःही दबतं, त्यामुळे शॉकअपची दबलेली लांबी ३१०च्या आतच हवी. ती जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यात ॲक्सल बंप रबराऐवजी शॉकअपवर आपटतो आणि आतला दट्ट्या किंवा वरचं ब्रॅकेट तुटतं. लांब शॅकल टाकून गाडी उंच केली असेल तर उलटं होतं: मूळ लांबीचा शॉकअप ओढला जाऊन संपतो आणि चाक खाली लोंबलं की त्याच्यावरच लटकतं. वर्षाला जोडी खाणाऱ्या गाड्यांमध्ये हे दुसरं मोठं कारण.

पाट्याच्या उंच गाडीत हे काम चाकं जमिनीवर ठेवूनच करा. जागा पुरते, गाडी जॅकवर नसते आणि बुश आपोआप योग्य उंचीवर आवळले जातात. जॅक लावावाच लागला तर चासी स्टँडवर घ्या आणि हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्या चाकांवर असो की ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे, मागचं चाक उचललं की तो गाडी धरेलच असं नाही.

स्कॉर्पिओ, सफारीसारखी मागे कॉइल असलेली गाडी असेल तर पद्धत वेगळी. तिथे ॲक्सल खाली किती उतरावा हे शॉकअपच धरून ठेवतो. ॲक्सलला खालून आधार न देता बोल्ट काढला तर ॲक्सल खाली येतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो, स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. दोन जॅक आणि दोन स्टँड नसतील तर कॉइलवाल्यांनी इथून मागे फिरावं.

नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. आधी उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नट अर्ध्यावर येऊन आटे घेऊन जातो. रिंग पाना वापरा, फिक्स पाना नटाचे कोपरे खातो. तरीही हलत नसेल तर नट उभा चिरायचा, पिनला धक्का न लावता. गॅसने तापवू नका. बंद नळीत तेल असतं, काहींत दाबाखालचा वायूही, आणि जिप्सीची पेट्रोलची टाकी तिथेच मागे आहे. पिनच तुटली किंवा तिचे आटे गेले तर गाडी चांगल्या वेल्डरकडे न्या. ब्रॅकेटवर घरी वेल्डिंगचा प्रयोग नको.

नवा शॉकअप वायूचा असेल तर तो पट्टीने दाबून बांधलेला येतो. वरची कडी आधी लावा, खालची पिनच्या समोर आणा आणि मग पट्टी कापा. तो हळूहळू पसरतो, त्याला पिनवर नेऊन बसवायचं. तोंड रेषेत ठेवू नका. साधा तेलाचा असेल आणि दुकानात आडवा पडून राहिला असेल तर आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, पुन्हा सरळ करून ओढा. मधे येणारा पोकळ झोल जाईपर्यंत हे चार-पाच वेळा करा. हे न करता बसवलेला शॉकअप पहिल्या दिवसापासून 'गेलेला' वाटतो आणि वॉरंटीचं भांडण सुरू होतं.

शेवटचं आवळून झालं की नट आणि पिन दोन्हीवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या घाटाच्या फेरीनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, पुन्हा आवळायचा आणि नवी रेघ. तुटलेली नसेल तर पुढच्या सर्व्हिसला बघितलं तरी चालेल. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर दांड्याच्या खोबणीतला गाळ साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरचं तोंड थेट सीलवर धरू नका, तो वाळू आत ढकलतो.

एवढं सगळं तपासून, गाडी चाकांवर उभी करून बसवलेली जोडीही वर्षाच्या आत गळली, तर तिसरी जोडी घेऊ नका. ब्रॅकेट वाकलंय किंवा ॲक्सल सरकलाय आणि दांडा तिरपा घासतोय, असं धरून चासीचं माप घेणाऱ्या वर्कशॉपकडे गाडी द्या.